गेम कंट्रोलरची दोषचाचणी : प्रयोगशाळेपासून ब्राउझरपर्यंतचा इतिहास

प्रस्तावना :

यंत्रांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. शोध कोणी लावला, कोणत्या साली लावला आणि त्यातून उद्योग कसा उभा राहिला, या प्रश्नांना त्यात अग्रस्थान मिळते. यंत्र बिघडले तर तो बिघाड कोण ओळखत असे, कोणत्या साधनाने ओळखत असे आणि त्याबाबत कोणाचा शब्द अखेरचा मानला जात असे, हे प्रश्न मात्र मागे राहतात. संगणकीय खेळांचा कंट्रोलर हे वरकरणी क्षुल्लक साधन या दृष्टीने उद्बोधक ठरते. आज कंट्रोलर संगणकाला जोडून ब्राउझरमध्ये त्याच्या प्रत्येक बटणाची आणि दांडीची स्थिती आकड्यांत पाहता येते. या सोयीपर्यंतचा प्रवास कसा झाला, दोष दाखवून देण्याचे सामर्थ्य निर्मात्याकडून वापरणाऱ्याकडे किती प्रमाणात आले आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

निर्माता हाच परीक्षक :

१९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम यांनी ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर टेनिसचा एक खेळ मांडला. खेळणाऱ्याच्या हाती एक फिरती कळ आणि एक बटण असलेली पेटी दिली जात असे. पुढे १९६२ साली एमआयटी या संस्थेत पीडीपी-१ संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ आकाराला आला. तो प्रथम खेळला गेला तो संगणकाच्या दर्शनी फळीवरील चाचणी-खटक्यांवर. म्हणजे मूलतः यंत्र तपासण्यासाठी बसविलेल्या खटक्यांचा उपयोग अंतराळयाने वळविण्यासाठी करण्यात आला. ते खटके गैरसोयीचे असल्याने ॲलन कोटोक आणि बॉब सॉन्डर्स यांनी स्वतंत्र नियंत्रणपेट्या तयार केल्या. या काळात खेळ रचणारा, नियंत्रणपेटी बनविणारा, खेळणारा आणि बिघाड शोधणारा या भूमिका एकाच लहान वर्तुळात सामावलेल्या होत्या. साहजिकच दोष कोणी ठरवायचा, हा प्रश्नच उद्भवत नव्हता.

खटका आणि रोध :

खेळ घराघरांत पोहोचल्यावर ही एकात्मता संपली. १९७७ साली बाजारात आलेल्या अटारीच्या यंत्राबरोबर मिळणाऱ्या जॉयस्टिकमध्ये चार दिशांसाठी चार आणि गोळीबारासाठी एक असे पाच खटके होते. खटक्याची स्थिती जुळलेली किंवा तुटलेली एवढीच असते. त्यामुळे त्याचा दोषही सहसा ठळक असे आणि खेळता खेळताच कळून येई. याच यंत्राच्या फिरत्या कळीत मात्र पोटेन्शिओमीटर, म्हणजे कमी-अधिक करता येणारा विद्युतरोध होता. त्याचा आतील पट्टा मळला किंवा झिजला की पडद्यावरील आकृती थरथरू लागे. येथे दोष ‘आहे’ किंवा ‘नाही’ असा राहिला नाही; तो ‘किती आहे’ असा झाला. प्रमाणाचा दोष ठरविण्यासाठी मोजमाप लागते आणि मोजण्याचे साधन सामान्य ग्राहकाजवळ नव्हते.

१९८१ साली आलेल्या आयबीएमच्या वैयक्तिक संगणकासाठी खेळाचे जे जोडपत्र मिळे, त्यात चार रोधांचे आणि चार बटणांचे वाचन होत असे. रोधाची किंमत सरळ वाचली जात नसे. रोधावर अवलंबून असणारी एक विद्युतस्पंदनाची मुदत किती वेळ टिकते, हे आज्ञावली मोजत असे. संगणक अधिक वेगवान असला तर तीच दांडी वेगळी संख्या देई. म्हणून अनेक खेळांच्या आरंभी दांडी डाव्या वरच्या कोपऱ्यात नेऊन बटण दाबा, मग उजव्या खालच्या कोपऱ्यात नेऊन दाबा, अशी सूचना येत असे. हे अंशशोधन होते, दोषचाचणी नव्हती. अंशशोधनात यंत्राचे वाकडेपण गृहीत धरून हिशेब जुळवून घेतला जातो. दोषचाचणीत ते वाकडेपण उघड केले जाते. हा भेद पुढील इतिहास समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे.

दांडीचे पुनरागमन :

१९८० च्या दशकात निन्टेंडोच्या गुन्पेई योकोई यांनी रूढ केलेल्या अधिक-चिन्हाच्या आकाराच्या दिशाकळीमुळे खटक्यांची पद्धत प्रबळ झाली. त्रिमितीय खेळांबरोबर मात्र अंशाअंशाने हलणारी दांडी परतली. १९९६ च्या निन्टेंडो ६४ मध्ये ती प्रकाशीय चक्रांच्या आधारे वाचली जात असे आणि यंत्र सुरू करतेवेळी दांडी जेथे असेल तेथेच मध्य मानला जाई. सोनीच्या १९९७ च्या ड्युअलशॉकमध्ये दोन दांड्या आणि त्यांखाली पोटेन्शिओमीटर होते. १९९८ च्या सेगा ड्रीमकास्टच्या दांडीत चुंबक आणि हॉल-संवेदक वापरले गेले. एडविन हॉल यांना १८७९ साली आढळलेल्या परिणामावर आधारलेल्या या रचनेत मोजणाऱ्या भागांचे घर्षण होत नाही. तरीही पुढील काळात स्वस्त आणि आटोपशीर पोटेन्शिओमीटरचाच प्रसार अधिक झाला. घासणारा भाग आज ना उद्या झिजणार, हे त्या निवडीतच अंतर्भूत होते.

ब्राउझरमधील समान भाषा :

१९९६ साली यूएसबी ही जोडणीपद्धती निश्चित झाली. तिच्यामुळे उपकरण आपली बटणे किती, अक्ष किती हे संगणकाला स्वतःच कळवू लागले. विंडोज प्रणालीत गेम कंट्रोलर तपासण्याची छोटी चौकटही उपलब्ध होती. परंतु ती एका प्रणालीपुरती मर्यादित होती. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २०१२ साली गेमपॅडविषयक मानकाचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. त्याच वर्षी क्रोममध्ये आणि २०१४ साली फायरफॉक्समध्ये ही सोय सर्वसाधारण वापरासाठी खुली झाली.

या मानकाचा मूळ हेतू ब्राउझरमध्ये खेळ खेळता यावेत, हा होता. त्यानुसार दांडीच्या प्रत्येक अक्षाची स्थिती -१ ते +१ या मर्यादेत मिळते आणि मध्यस्थितीची किंमत ० असते. बटणाची किंमत ० ते १ असते. ‘प्रमाणित’ मांडणीत १७ बटणे आणि ४ अक्ष यांचे क्रम ठरवून दिलेले आहेत. खेळासाठी निर्माण झालेली ही भाषाच दोषचाचणीसाठी उपयोगी पडली. दांडी सोडल्यावर अक्ष शून्याजवळ न येता ०.१५ वर थांबला तर मध्य सरकला आहे. पूर्ण ढकलूनही ०.८ च्या पुढे गेला नाही तर पल्ला अपुरा आहे. सावकाश सरकविताना आकडा मध्येच उडी घेत असेल तर पट्टा झिजल्याचा किंवा मळल्याचा संशय घेता येतो. एकेकाळी चाचणी-खटक्यांवर खेळ खेळला गेला होता. अर्धशतकानंतर खेळाच्या साधनानेच चाचणी होऊ लागली.

तक्रार आणि मोजमाप :

या मोजमापाचे मोल ‘जॉय-कॉन’च्या प्रकरणावरून स्पष्ट होते. निन्टेंडो स्विच हे यंत्र मार्च २०१७ मध्ये आले. हात न लावताही त्याची दांडी हालचाल नोंदविते, अशा तक्रारी वाढत गेल्या. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत सामूहिक दावा दाखल झाला. जून २०२० मध्ये कंपनीचे अध्यक्ष शुंतारो फुरुकावा यांनी भागधारकांच्या सभेत ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. जानेवारी २०२१ मध्ये युरोपीय ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे २५,००० तक्रारींच्या आधारे युरोपीय आयोगाकडे दाद मागितली. अखेर एप्रिल २०२३ मध्ये हमीची मुदत संपल्यानंतरही युरोपात विनामूल्य दुरुस्ती करून देण्याची तयारी कंपनीने दर्शविली.

हा वाद ब्राउझरमधील चाचणीने सुटला, असे म्हणता येणार नाही. तो संख्याबळाने आणि ग्राहक संघटनांच्या पाठपुराव्याने पुढे गेला. तथापि प्रत्येक तक्रारीच्या मुळाशी ‘हात ठीक आहे, यंत्र चुकते आहे’ हे विधान होते. खेळात हरणाऱ्याचे असे विधान हे सबब समजले जाण्याची शक्यता मोठी असते. हात दूर ठेवूनही पडद्यावर बदलणारा आकडा त्या विधानाला आधार देतो आणि दुरुस्तीसाठी गेलेल्या ग्राहकाला केवळ स्वतःच्या शब्दावर विसंबून राहावे लागत नाही.

मोजमापाच्या मर्यादा :

आकडा दिसला म्हणजे निदान झाले, असे मात्र नाही. मध्यस्थितीत ०.०२ किंवा ०.०३ इतका फरक चांगल्या दांडीतही आढळतो. म्हणूनच खेळांच्या आज्ञावलीत मध्याभोवतीच्या एका लहान पट्ट्यातील हालचाल जाणूनबुजून दुर्लक्षिली जाते. कंट्रोलर, जोडणी, कार्यप्रणाली आणि ब्राउझर असे टप्पे ओलांडूनच आकडा पडद्यावर येतो. त्यामुळे तार किंवा संगणक बदलून पाहिल्याविना दोष कंट्रोलरचाच, असे म्हणणे घाईचे ठरते. अनेक चाचणीपृष्ठे पडदा ताजा होण्याच्या गतीने, म्हणजे सामान्यतः सेकंदाला ६० वेळा वाचन करतात. त्याहून क्षणिक अशी बटणाची थरथर त्यांतून निसटू शकते. गोपनीयतेच्या कारणास्तव एखादे बटण दाबेपर्यंत ब्राउझर कंट्रोलरचे अस्तित्वच कळवीत नाही. नवख्या व्यक्तीला हाही बिघाडच वाटतो. शिवाय आकडा लक्षण सांगतो, कारण सांगत नाही. धूळ, झिजलेला पट्टा आणि सैल झालेली स्प्रिंग यांचे परिणाम पडद्यावर सारखेच दिसू शकतात.

समारोप :

कंट्रोलरच्या इतिहासात दोष ओळखण्याचे सामर्थ्य प्रथम निर्मात्याजवळ होते. घरगुती यंत्रांच्या काळात ते ग्राहकापासून दुरावले आणि अंशशोधनाच्या नावाखाली दोष झाकलाही जाऊ लागला. समान मानकामुळे ते सामर्थ्य अंशतः ग्राहकाकडे परतले. मोजण्याचे साधन हाती आले असले तरी उघडून दुरुस्त करण्याचे सुटे भाग, माहिती आणि हमीच्या अटी यांवरील नियंत्रण बव्हंशी निर्मात्याकडेच राहिले आहे. जॉय-कॉनच्या प्रकरणात दोषाचे अस्तित्व जाणवण्यापासून विनामूल्य दुरुस्तीच्या आश्वासनापर्यंत युरोपीय ग्राहकांना काही वर्षे थांबावे लागले, ते यामुळेच. दोष मोजता येणे ही न्यायाची पहिली पायरी आहे. पुढच्या पायऱ्या तंत्रज्ञानाच्या नसून कायद्याच्या आणि संघटित ग्राहकशक्तीच्या आहेत, हेच या छोट्याशा साधनाच्या इतिहासातून निष्पन्न होते.