आजीची कवळी, थिबा राजा आणि थ्रीडी प्रिंटर

लोकलमध्ये असाल तर हेडफोन नीट लावा, चौथ्या सीटवर असाल तर तोल सांभाळा. आजची गोष्ट एका स्टीलच्या डब्यापासून सुरू होते.

डोंबिवली पूर्वेला आमच्या स्वयंपाकघरात, फडताळाच्या वरच्या कप्प्यात हा डबा असतो. आत आजीची कवळी. आजी ती लावतच नाही. भाकरी दुधात कुस्करून खाते आणि हसताना तोंडावर पदर धरते. गेल्या दिवाळीत चकलीचं ताट पुढे आलं, तर म्हणाली, ‘चणे आहेत तर दात नाहीत, तशी गत रे माझी.’ सगळे हसले. ती मात्र उठून आत गेली.

आता मी पडलो इंजिनिअर. लगेच म्हणालो, ‘अगं आजी, तोंड स्कॅन करायचं, फाइल बनवायची, थ्रीडी प्रिंट मारायची. विषय संपला!’

माझी मामेबहीण बीडीएसच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रोज डोंबिवलीहून ठाणे, तिथून ट्रान्स हार्बर पकडून नवी मुंबईतल्या कॉलेजात जाते. ती म्हणाली, ‘दादा, आधी एक कवळी हाताने करून बघ. मग बोल.’

इथून मी वाचायला लागलो आणि थेट एकोणिसाव्या शतकात जाऊन पडलो.

त्या काळी श्रीमंतांच्या कवळ्या हस्तिदंताच्या आणि सोन्याच्या असायच्या. मग अमेरिकेत चार्ल्स गुडइयरने रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ केलं, आणि त्याचा भाऊ नेल्सन याने १८५१ मध्ये कडक रबराचं पेटंट घेतलं. याला म्हणतात व्हल्कनाइट. मऊ असताना साच्यात दाबा, तापवा, कडक होतं. कवळी एकदम स्वस्त झाली. पण रबराच्या कवळीचं पेटंट एका कंपनीच्या हातात होतं, आणि ती प्रत्येक डेंटिस्टकडून लायसन्सचे पैसे मागायची. नाही दिले की कोर्टात खेचायची. १८७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत या कंपनीचा खजिनदार जोसाया बेकन याला सॅम्युएल चाल्फंट नावाच्या डेंटिस्टने गोळी घालून मारलं. सॉफ्टवेअर लायसन्सवरून आपण ऑफिसात चिडतो, पण इतकं नाही!

१९३० च्या दशकाच्या शेवटी व्हल्कनाइटची जागा अॅक्रिलिकने घेतली. हिरडीसारखा गुलाबी रंग त्यात आणता येतो. बहिणीच्या कॉलेजात आजही कवळी शिकवतात ती यातच. आधी मेणात दात बसवायचे. मग ते पितळी फ्लास्कमध्ये प्लास्टरमध्ये गाडायचं आणि उकळत्या पाण्याने मेण वितळवून काढायचं. पितळेची मूर्ती ओततात तीच युक्ती. त्या पोकळीत अॅक्रिलिकचं पीठ दाबायचं आणि पाण्यात हळूहळू शिजवायचं. एक पद्धत म्हणजे ७४ अंशांवर दोन तास, मग उकळत्या पाण्यात एक तास. घाई केली तर आतलं द्रव उकळतं आणि कवळीत बारीक भोकं पडतात. बहिणीची पहिली कवळी अशीच जाळीदार झाली होती. ‘पुरणासारखं आहे दादा, आच वाढवून चालत नाही.’

आता खरी गंमत. ही पावडर आपल्याकडच्या कित्येक विद्यार्थ्यांनी वापरलीय ती ‘डीपीआय’ची. म्हणजे डेंटल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनचा एक विभाग म्हणून वाढलेली. बॉम्बे बर्माची स्थापना १८६३ ची, धंदा ब्रह्मदेशातल्या सागवानाचा. सागवानाच्या हिशेबावरून तिथल्या दरबाराने कंपनीला मोठा दंड ठोठावला, इंग्रजांना निमित्त मिळालं, आणि १८८५ मध्ये युद्ध झालं. राजा थिबा हरला. त्याला कुठे ठेवलं? आपल्या रत्नागिरीत! १९१६ मध्ये तो तिथेच गेला. शाळेच्या सहलीत थिबा पॅलेससमोर फोटो काढलेत ना? त्या राजाचं राज्य ज्या कंपनीच्या भांडणात गेलं, तिचंच नाव पुढे कवळीच्या पावडरीशी जोडलं गेलं.

दात बसवणारी माणसं कुठून आली, हेही बघा. डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यात डेंटल कॉलेज काढलं. मुंबईचं नायर डेंटल १९३३ चं. त्याआधी, आणि नंतरही बराच काळ, काम हाताखाली शिकून व्हायचं. आपल्या शहरांत चिनी दंतवैद्यांची दुकानं होती ती याच परंपरेतली. १९४८ च्या डेंटिस्ट्स अॅक्टने अशा जुन्या, डिग्री नसलेल्या लोकांसाठी रजिस्टरमध्ये वेगळा भाग ठेवला. त्याच कायद्यात ‘डेंटल मेकॅनिक’चंही नाव आहे. हा मेकॅनिक लॅबमध्ये बसून कवळी घडवतो, पण पेशंटला त्याचा चेहरा माहीत नसतो.

मग आपलं युग. फ्रान्समध्ये फ्रांस्वा ड्युरे १९७० च्या दशकात प्रकाशाने दाताचं माप घेण्याच्या मागे लागला. १९८५ मध्ये झुरिकला मॉरमन आणि ब्रँडेस्टिनी यांच्या ‘सेरेक’ मशीनने पहिल्या पेशंटचा दात भरला. स्कॅन केलं आणि तिथेच सिरॅमिकचा तुकडा कोरून बसवला.

मग आजीचं काय अडलं?

फोनवर पॅनोरमा काढताना समोर कोरी पांढरी भिंत असेल तर फोन गोंधळतो, कारण फोटो जोडायला खूण सापडत नाही. तोंडातला स्कॅनरही असेच छोटे तुकडे जोडत जातो. दात असले की खुणा असतात. नुसती ओली, गुळगुळीत, हलणारी हिरडी असली की जोडणी घसरते. शिवाय आजी बोलताना, गिळताना गाल कुठवर ओढला जातो, ते एका स्थिर स्कॅनमध्ये येत नाही. ते माप डॉक्टर मटेरियल लावून, गाल हलवून, हाताने घेतात. मी सहा वर्षं कोड लिहितोय आणि हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

आणखी एक गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. दात गेले की जबड्याचं हाड वर्षानुवर्षं झिजत राहतं. म्हणजे जुनी कवळी वाईट नव्हती, तिच्याखालची जमीन बदलली होती. वेळोवेळी आतून नवीन थर देऊन घ्यायचा असतो. आणि ती कोरड्या डब्यात नाही, पाण्यात ठेवायची असते!

शेवटी दोन्ही वापरलं. माप हाताने घेतलं, त्याचा साचा स्कॅन झाला, डिझाइन कॉम्प्युटरवर झालं आणि आधी ट्रायलची कवळी प्रिंट झाली. फायदा असा की फाइल राहते, कवळी हरवली तर पुन्हा सुरुवातीपासून नको. पण वरचे दात ओठाखाली किती दिसायला हवेत हे ठरवायला डॉक्टर आजीशी वीस मिनिटं नुसतं बोलत बसले.

चकली अजून जमत नाही. भाकरी जमते, बारीक तुकडे करून. परवा फोनवर मला म्हणाली, ‘अरे, “स” नीट येतोय का बघ,’ आणि सगळ्या नातवंडांची नावं एका दमात घेतली.

तुमच्या घरात असा डबा असेल तर आज उघडून बघा. आणि विचारा, लावत का नाही? भेटू पुढच्या भागात!