मत आपले, तिजोरी परक्याची

पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आपल्याकडे पोचले ते क्रिकेटमुळे. १९७१ सालच्या मार्चमध्ये भारताने वेस्ट इंडीजला कसोटी सामन्यात प्रथमच हरविले ते त्या गावी. दिलीप सरदेसाईंचे शतक आणि सुनील गावसकरांचे पदार्पण त्याच सामन्यातले. पण त्या त्रिनिदाद बेटाची आणखी एक कथा आहे, ती आपल्या कानांवर फारशी आलेली नाही. ती फुटबॉलची, किंबहुना फुटबॉल चालविणाऱ्या संघटनेची कथा आहे. खेळाच्या डावपेचांत आम्हांला गती नाही. परंतु कामगार संघात आयुष्य गेल्यामुळे पावतीपुस्तक, हिशेबतपासणी आणि वार्षिक सभा यांचे डावपेच आम्ही ओळखतो. म्हणून हा विषय घेतला.

त्रिनिदाद आणि टोबॅगो ही दोन बेटे मिळून एक देश. वस्ती सुमारे चौदा लाख, म्हणजे पुणे शहराच्या निम्म्याहूनही कमी. आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे आणि १८४५ ते १९१७ या काळात उसाच्या मळ्यांवर नेलेल्या हिंदी गिरमिटियांचे वंशज तेथे नांदतात. देश १९६२ साली स्वतंत्र झाला. फुटबॉल संघटना मात्र १९०८ सालची, म्हणजे स्वराज्यापेक्षा चोपन्न वर्षांनी वडील.

अशा चिमुकल्या देशाच्या संघटनेला जगात किंमत का यावी? तर जागतिक फुटबॉलची जी 'फिफा' नावाची मध्यवर्ती संस्था आहे, तिच्या २११ सभासद-संघटनांना प्रत्येकी एकच मत आहे. ब्राझीलचे एक, जर्मनीचे एक, आणि त्रिनिदादचेही एक. कॅरिबियन बेटांची अशी मते पंचवीसच्या आसपास भरतात. ती एकगठ्ठा पडली तर अध्यक्षपदाच्या निवडणुकीचे पारडे फिरू शकते. लहानाला मोठ्याच्या पंगतीस बसविणारे हे तत्त्व आम्हांला मनापासून मान्य आहे. गिरणीतला झाडूवाला आणि जॉबर यांना युनियनच्या सभेत एकेकच मत असते, ते याच न्यायाने. पण मत हाती असणे निराळे, आणि ते मोकळेपणाने वापरण्याइतके पाय जमिनीवर असणे निराळे.

हे गणित जॅक वॉर्नर या गृहस्थांना सर्वांआधी उमगले. मूळचे हे इतिहासाचे शिक्षक. पुढे फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. १९ नोव्हेंबर १९८९ रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये अमेरिकेशी सामना होता. नुसती बरोबरी साधली असती तरी त्रिनिदाद विश्वचषकास पोचला असता. संघ एका गोलाने हरला. त्याच सामन्याची तिकिटे आसनांपेक्षा अधिक विकली गेल्याचा बोभाटा होऊन चौकशी झाली. तरीही पुढच्याच वर्षी वॉर्नर उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन विभागाचे अध्यक्ष झाले, आणि १९९७ मध्ये फिफाचे उपाध्यक्ष. विभागाच्या नावाने माकोया येथे एक भव्य क्रीडाकेंद्र उभे राहिले. त्यावर अडीच कोटींहून अधिक डॉलर खर्ची पडले. २०१३ साली सर डेव्हिड सिमन्स यांच्या समितीने अहवाल दिला, तेव्हा उघड झाले की त्याखालची जमीन विभागाची नव्हतीच. ती वॉर्नर यांच्या ताब्यातील कंपन्यांची होती. वॉर्नर यांनी आपल्यावरील आरोप नाकारले. तथापि २०१५ मध्ये फिफाने त्यांना आजन्म बंदी घातली.

या साऱ्यात खेळाडूंचे काय झाले? आम्हांला महत्त्वाचा वाटतो तो भाग हाच. नोव्हेंबर २००५ मध्ये बहरीनला त्यांच्याच मैदानावर हरवून त्रिनिदाद विश्वचषकास पात्र ठरला, आणि १० जून २००६ रोजी जर्मनीत त्याने बलाढ्य स्वीडनला गोलशून्य बरोबरीत रोखले. बेटावर आनंदीआनंद झाला. मग वाटणीची वेळ आली. ठरलेला हिस्सा म्हणून संघटनेने देऊ केलेली रक्कम खेळाडूंना इतकी तुटपुंजी वाटली की त्यांनी ती नाकारली आणि हिशेब मागितला. हिशेब मागणाऱ्यांना राष्ट्रीय संघातून वगळण्यात आले! श्रोतेहो, ही रीत कोणत्याही कामगाराला समजावून सांगावी लागत नाही. प्रकरण लंडनच्या लवादापुढे गेले. २००८ मध्ये निकाल खेळाडूंच्या बाजूने लागला, तरी पैसे हाती पडेनात. अखेर २०१२ साली न्यायालयाच्या हुकमाने संघटनेच्या कचेरीतील सामानावर जप्ती आली.

मधल्या काळात, मे २०११ मध्ये, पोर्ट ऑफ स्पेनच्या एका हॉटेलात फिफाच्या अध्यक्षपदाचे उमेदवार मोहम्मद बिन हम्माम बेटांच्या प्रतिनिधींना भेटले. त्या भेटीच्या वेळी प्रतिनिधींना प्रत्येकी चाळीस हजार डॉलरांची पाकिटे देऊ करण्यात आली. बहामाच्या प्रतिनिधीने पाकिटातील नोटांचे छायाचित्र घेऊन ते परत केले आणि गोष्ट वर कळविली. त्यातून चौकशी सुरू झाली आणि जूनमध्ये वॉर्नर यांनी सगळी पदे सोडली. एका लहान बेटाच्या एका माणसाने 'नको' म्हटले, एवढ्यावर हे घडले.

आता मूळ दुखण्याकडे वळू. १९९९ पासून फिफा प्रत्येक संघटनेला वर्षाकाठी अडीच लाख डॉलर देऊ लागली; २०१६ पासून हा आकडा साडेबारा लाखांपर्यंत गेला. बेटावरच्या क्लबांची वर्गणी त्यापुढे कितीशी? वर्गणी नगण्य झाली की वर्गणीदारही नगण्य होतो. आमच्या चळवळीत याचा अनुभव आहे. पूर्वी पगाराच्या दिवशी दारावर उभे राहून एकेकाकडून वर्गणी घ्यावी लागे, आणि तिच्याबरोबर दोन शिव्या आणि चार तक्रारीही घ्याव्या लागत. पुढे मालकानेच पगारातून वर्गणी कापून संघाकडे पाठविण्याची सोय झाली. पैसा बिनबोभाट येऊ लागला आणि पुढाऱ्यांचे दारावर जाणे कमी झाले. मग ज्याच्या हातून पैसा येतो त्याच्याकडे तोंड वळते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये त्रिनिदादच्या संघटनेत निवडणूक होऊन विल्यम वॉलेस अध्यक्ष झाले. त्यांना वारशात मिळाले ते कर्जाचे डोंगर. त्यात माजी प्रशिक्षकांची थकलेली देणीही होती. चार महिनेही झाले नव्हते तोच, मार्च २०२० मध्ये, फिफाने निवडून आलेली समिती दूर करून आपली समिती नेमली. आपल्याकडे सहकारी बँकेवर प्रशासक बसतो, तसेच. वॉलेस आणि सहकारी देशातल्या न्यायालयात गेले. तसे करणे नियमाविरुद्ध म्हणून सप्टेंबरमध्ये फिफाने संघटनेलाच निलंबित केले. १३ ऑक्टोबरला उच्च न्यायालयाने नेमणूक अवैध ठरविली. दहाच दिवसांनी अपील न्यायालयाने तो निकाल फिरविला : तंटा स्वित्झर्लंडच्या क्रीडालवादाकडे नेण्याचे संघटनेच्या घटनेतच कबूल केलेले होते. नोव्हेंबरमध्ये निलंबन उठले. नेमलेली समिती मात्र २०२४ च्या एप्रिलमधील निवडणुकीपर्यंत राहिली. चार वर्षे एका स्वतंत्र देशाचा फुटबॉल नेमणुकीवर चालला.

हे दूरच्या बेटाचे म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकांमुळे फिफाने भारताच्याही महासंघाला निलंबित केले होते. ते त्याच महिन्यात उठले.

फिफाने केले ते बरोबर होते असे आम्ही म्हणत नाही. निवडून आलेल्यांना वरून काढणे आम्हांला कधीच रुचले नाही. पण ज्या संघटनेने आपल्याच खेळाडूंना हिशेब दाखविला नाही, तिच्यासाठी संकटकाळी किती खेळाडू धावून येणार? २००६ साली मागितलेला हिशेब त्याच वर्षी मिळाला असता, तर २०२० मध्ये वॉलेस यांच्या पाठीशी उभे राहायला बेटावर पुष्कळ माणसे असती, असे आमचे मत आहे.

आपल्या गावातही पतपेढ्या आहेत, मंडळे आहेत, कामगार संघ आहेत. त्यांच्या वार्षिक सभेला आपण जावे, आणि चहा येण्यापूर्वी उठून ताळेबंदातल्या एका तरी रकमेविषयी विचारावे. विचारणाऱ्याला खाली बसविले गेले, तर शेजाऱ्याने उठावे.