दूरचित्रवाणीचे डिजिटल चित्रमुद्रण आणि तबकडी : छाटणी, जोडणी व ऐतिहासिक साधनांचा प्रश्न

प्रस्तावना

दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाचे एक महत्त्वाचे ऐतिहासिक साधन आहे. परंतु ताम्रपट, नाणी किंवा दप्तरातील कागद यांप्रमाणे ते आपोआप मागे उरत नाही. प्रक्षेपण संपताच ते नाहीसे होते. कोणीतरी ते मुद्रित केले, जपले आणि पुन्हा पाहण्याजोगे करून ठेवले तरच पुढील पिढीच्या हाती येते. २००० नंतरच्या दशकात हे काम जगभरातील असंख्य सामान्य प्रेक्षकांनी घरच्या संगणकावर केले. डिजिटल प्रक्षेपण मुद्रित करावे, त्याचे तुकडे जोडावेत, नको तो भाग छाटावा आणि उरलेला कार्यक्रम डीव्हीडी तबकडीवर उतरवावा, असा हा उद्योग होता. वरकरणी तो केवळ हौसेचा वाटतो. तथापि या छाटणी-जोडणीच्या तंत्रातच आज उपलब्ध असलेल्या साधनांचे स्वरूप ठरून गेले. प्रस्तुत लेखात या तंत्राचा विकास आणि त्यातून निर्माण झालेला साधनचिकित्सेचा प्रश्न यांचा विचार केला आहे.

फितीवरील कात्री

दूरचित्रवाणीचे व्यावहारिक चित्रमुद्रण १९५६ मध्ये अँपेक्स या अमेरिकन कंपनीच्या यंत्राने सुरू झाले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबर रोजी सीबीएस या संस्थेने बातमीपत्राच्या पुनःप्रक्षेपणासाठी त्याचा उपयोग केला. दोन इंच रुंदीच्या त्या फितीचे संपादन आरंभी अक्षरशः कापून होत असे. फितीवरील चुंबकीय रेघा डोळ्यांना दिसत नसल्यामुळे लोहकणांचे द्रावण लावून त्या दृश्य कराव्या लागत आणि नेमक्या जागी पाते चालवून दोन टोके चिकटवावी लागत. फीत महाग होती व ती पुन्हा वापरता येत होती. या दोन कारणांनी अनेक संस्थांनी जुने कार्यक्रम पुसून त्यांवर नवे मुद्रित केले. ब्रिटनच्या बीबीसीने १९६० च्या दशकातील कित्येक कार्यक्रम असेच गमावले. त्यांपैकी ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा ध्वनी मात्र शिल्लक राहिला, कारण काही प्रेक्षकांनी तो घरी ध्वनिफितीवर उतरवून घेतला होता. संस्थेने गमावले ते प्रेक्षकाने राखले, हे या इतिहासातील एक वारंवार दिसणारे सूत्र होय.

१९७५ मध्ये बीटामॅक्स आणि १९७६ मध्ये व्हीएचएस या पद्धती बाजारात आल्या व घरगुती चित्रमुद्रण सुलभ झाले. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा मताधिक्याने, कार्यक्रम नंतर पाहता यावा म्हणून तो घरी मुद्रित करणे हा कायदेशीर वापर ठरवला. तरीही घरगुती फितीचे संपादन करणे कठीणच होते. त्यासाठी दोन यंत्रे जोडून एका फितीवरून दुसरीवर नक्कल करावी लागे आणि प्रत्येक नकलेत चित्र अधिक धूसर होत असे.

प्रक्षेपणाचा प्रवाह घरात

डिजिटल प्रक्षेपणाने ही स्थिती मुळापासून बदलली. १९९० च्या दशकाच्या मध्यात एमपेग-२ हे आंतरराष्ट्रीय मानक सिद्ध झाले. याच मानकावर डिजिटल प्रक्षेपण उभे राहिले आणि डीव्हीडीही. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९९८ मध्ये भूस्थित डिजिटल सेवा सुरू झाली. ३० ऑक्टोबर २००२ रोजी तेथे फ्रीव्ह्यू ही विनाशुल्क सेवा आली. जर्मनीत बर्लिन परिसरातील जुने भूस्थित प्रक्षेपण ऑगस्ट २००३ मध्ये बंद होऊन त्याची जागा डिजिटल प्रक्षेपणाने घेतली.

या सेवांचे मुद्रण करणारे यंत्र चित्राची नवी नक्कल तयार करीत नसे. आकाशातून आलेला अंकांचा प्रवाह ते जसाच्या तसा साठवी. परिणामी प्रेक्षकाच्या हाती आलेली प्रत आणि प्रक्षेपित झालेली प्रत यांत गुणवत्तेचा फरक राहिला नाही. घरगुती मुद्रणाच्या इतिहासात हे प्रथमच घडत होते. मात्र प्रक्षेपण आणि डीव्हीडी यांचे मानक एक असले तरी बांधणी वेगळी होती. प्रक्षेपणाचा प्रवाह १८८ बाइटच्या लहान पॅकेटांचा असतो. वाटेत काही पॅकेटे गहाळ झाली तरी पुढचे चित्र सावरावे, हा त्यामागील हेतू. तबकडीवरील माहिती तुलनेने सुरक्षित असते, म्हणून तेथे २०४८ बाइटचे मोठे गठ्ठे वापरले जातात. एका बांधणीतून दुसऱ्या बांधणीत जाताना प्रवाह सोडवून चित्र आणि ध्वनी वेगळे करावे लागत व पुन्हा एकत्र गुंफावे लागत. प्रोजेक्ट-एक्स, कटरमारान, एमपेग-२-श्निट, डीव्हीडी-ऑथर यांसारख्या आज्ञावली याच गरजेतून पुढे आल्या. त्यांपैकी अनेक हौशी जाणकारांनी लिहिल्या आणि विनामूल्य उपलब्ध करून दिल्या.

छाटणी आणि जोडणीतील अडचणी

चित्रपटाची फीत कोणत्याही दोन चौकटींमध्ये कापता येते. एमपेग-२ प्रवाह तसा कापता येत नाही. त्यात काही मोजक्याच चौकटी स्वयंपूर्ण असतात. उरलेल्या चौकटींत आधीच्या किंवा नंतरच्या चौकटीपेक्षा काय बदलले एवढेच नोंदलेले असते. अशा परस्परावलंबी चौकटींचा एक गट साधारणतः अर्ध्या सेकंदाचा असतो. गटाच्या मधोमध कात्री लावली तर उरलेल्या चौकटींचा आधारच नाहीसा होतो व पडद्यावर तुकड्या-तुकड्यांचे विस्कटलेले चित्र दिसते. यावर दोन उपाय होते. पहिला उपाय म्हणजे केवळ गटाच्या आरंभी कापणे. त्यात अर्ध्या सेकंदापर्यंतची चूक पत्करावी लागे. दुसऱ्या उपायात छेदाजवळच्या थोड्या चौकटी तेवढ्या नव्याने संकेतबद्ध करून बाकीचा प्रवाह अस्पर्श ठेवला जाई. दुसरा उपाय अधिक नाजूक होता, पण पुढे तोच रूढ झाला.

ध्वनीची अडचण आणखी सूक्ष्म होती. युरोपीय व भारतीय पद्धतीत सेकंदाला २५ चौकटी असतात, म्हणजे एक चौकट ४० मिलिसेकंदांची. सेकंदाला ४८,००० नमुने घेणाऱ्या एमपेग ध्वनीचा एक घटक ११५२ नमुन्यांचा, म्हणजे २४ मिलिसेकंदांचा असतो. या दोहोंच्या सीमा केवळ दर १२० मिलिसेकंदांनी एकत्र येतात. त्यामुळे चित्र जेथे कापले तेथेच ध्वनी कापला जाईल याची शाश्वती नसते. एका छेदातील चूक कानाला जाणवत नाही. परंतु अनेक जाहिरातखंड काढून तुकडे जोडले आणि प्रत्येक वेळी चूक एकाच दिशेने साचत गेली, तर कार्यक्रमाच्या शेवटी ओठ आणि शब्द यांची फारकत होते. म्हणून चांगली आज्ञावली प्रत्येक सांध्यावर एकूण चुकीचा हिशेब ठेवी आणि गरजेनुसार ध्वनीचा एखादा घटक वगळी किंवा वाढवी.

प्रवाहातील कालनोंदींचाही प्रश्न होता. चित्र व ध्वनी यांचा मेळ राखणारे घड्याळ सेकंदाला ९०,००० ठोके मोजते आणि सुमारे साडेसव्वीस तासांनी शून्यावर येते. मुद्रणाच्या मधेच ते शून्यावर आले किंवा दोन दिवसांची मुद्रणे केवळ एकापुढे एक ठेवली, तर तबकडी वाजवणारे यंत्र गोंधळून जाई. जोडणी म्हणजे दोन फायली एकमेकींस चिकटवणे नव्हे, तर दोन कालगणना एका कालगणनेत आणणे होय.

तबकडीचे नियम

डीव्हीडीची विक्री जपानमध्ये नोव्हेंबर १९९६ मध्ये आणि अमेरिकेत मार्च १९९७ मध्ये सुरू झाली. एका थराच्या तबकडीची क्षमता ४.७ अब्ज बाइट होती. प्रवाहाचा वेग सेकंदाला ५० लाख बिट धरल्यास तीवर सुमारे दोन तास पाच मिनिटांचा कार्यक्रम मावतो. चित्राच्या रुंदीबाबतही नियम होते. ७२०, ७०४ वा ३५२ बिंदूंची रुंदी तबकडीस मान्य होती. परंतु काही वाहिन्या प्रक्षेपणातील जागा वाचवण्यासाठी ५४४ बिंदू वापरीत. अशा वेळी संपूर्ण कार्यक्रम नव्याने संकेतबद्ध करून गुणवत्तेत घट स्वीकारणे हा एक मार्ग होता. प्रवाहाच्या शीर्षनोंदीतील आकडा बदलून यंत्राची समजूत घालणे हा दुसरा, बेभरवशाचा मार्ग होता. काय ठेवायचे आणि काय सोडायचे, हा निर्णय अशा रीतीने तबकडीच्या मापावरही अवलंबून राहिला.

भारतीय संदर्भ

भारतात ही प्रक्रिया उशिरा आणि वेगळ्या क्रमाने घडली. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मात्र केबलवरील डिजिटल सक्तीचा पहिला टप्पा मुंबई-दिल्लीत ऑक्टोबर २०१२ अखेर आला. तोवर केबलवरून मराठी कार्यक्रमांचे घरगुती मुद्रण व्हीसीआरवर किंवा संगणकातील टीव्ही ट्यूनर कार्डाद्वारे होत असे, म्हणजे मूळ डिजिटल प्रवाह हाती येत नसे. डिसेंबर २००४ मध्ये सुरू झालेली प्रसार भारतीची डीडी डायरेक्ट प्लस ही उपग्रह सेवा याला अपवाद होती, कारण तिचे संकेत कुलूपबंद नव्हते. खासगी सेवांच्या पेट्यांत मुद्रणाची सोय पुढे आली, पण ते मुद्रण त्या पेटीपुरतेच राहिले. प्रतिमुद्राधिकार कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये संशोधनासह खासगी उपयोगाला सवलत आहे. २०१२ च्या दुरुस्तीने आलेले कलम ६५-अ तांत्रिक कुलूप तोडण्यावर निर्बंध घालते. संशोधनाचा हक्क आणि साधनापर्यंतची वाट यांत त्यामुळे अंतर पडले आहे.

साधनचिकित्सेचा प्रश्न

हौशी संपादकाने चित्राची गुणवत्ता कसोशीने जपली, हे खरे. परंतु इतिहासकाराच्या दृष्टीने गुणवत्ता म्हणजे केवळ चित्राचा स्वच्छपणा नव्हे. संपादनात सर्वप्रथम जाहिराती गेल्या. एखाद्या संध्याकाळी कोणती वस्तू, कोणत्या भाषेत, कोणत्या प्रेक्षकाला विकली जात होती, हा पुरावा मूळ कार्यक्रमाइतकाच मोलाचा असू शकतो. प्रवाहासोबत येणारी दिनांक, वेळ, वाहिनी आणि कार्यक्रम यांची माहितीही तबकडी सिद्ध होताना गळून पडली. उरली ती बहुधा तबकडीवर शाईने लिहिलेली एक ओळ.

याहून गंभीर बाब जोडणीची आहे. पावसाने संकेत तुटून एखाद्या भागाचे मुद्रण खराब झाले, तर पुनःप्रक्षेपणातील तेवढाच तुकडा घेऊन तो बसवता येई. तयार झालेली तबकडी पाहताना अखंड वाटते. पण तसे अखंड प्रक्षेपण कोणत्याही एका दिवशी झालेलेच नसते. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही अनेक हस्तलिखितांतून एक पाठ सिद्ध केला आहे. फरक असा की, तेथे पाठभेद तळटीपांत नोंदलेले आहेत. तबकडीला तळटीप नाही. उत्तम सांधा तोच, जो दिसत नाही, ही संपादकाची कसोटी. इतिहासकाराची कसोटी नेमकी उलट आहे.

या पार्श्वभूमीवर अमेरिकेतील मॅरियन स्टोक्स यांचे उदाहरण लक्षणीय ठरते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २०१२ मधील निधनापर्यंत त्यांनी फिलाडेल्फिया येथे बातम्यांचे अहोरात्र मुद्रण केले. सुमारे ७० हजार फितींच्या या संग्रहाचे मोल चित्राच्या दर्जात नसून त्याच्या सलगपणात आहे. फ्रान्सने २० जून १९९२ च्या कायद्याने नभोवाणी-दूरचित्रवाणी प्रक्षेपणांचे वैधानिक जतन सुरू केले. व्यक्तीच्या चिकाटीवर सोडलेले काम तेथे राज्यव्यवस्थेने आपले मानले.

समारोप

छाटणी आणि जोडणी यांच्या तंत्राने सामान्य प्रेक्षकाला प्रथमच प्रक्षेपकाच्या तोडीची प्रत दिली. त्याच तंत्राने त्या प्रतीचा काळ, क्रम आणि परिसरही पुसला. म्हणून २००० च्या दशकातील अशी तबकडी साधन म्हणून वापरताना तिच्याकडे अस्सल कागद म्हणून नव्हे, तर नक्कल म्हणून पाहणे आवश्यक आहे. तिचे बाह्य परीक्षण झाले पाहिजे : मुद्रण कोणत्या वाहिनीचे, किती तुकड्यांचे, सांधे कोठे, काय वगळले. घरी लिहिलेल्या तबकडीतील माहिती सेंद्रिय रंगद्रव्याच्या थरावर असते आणि उष्णता, प्रकाश व दमटपणा यांनी तो थर क्षीण होतो. ती वाचणारी यंत्रेही नव्या संगणकांतून दिसेनाशी झाली आहेत. महाविद्यालयीन ग्रंथालयांच्या कपाटांतील तबकड्यांची प्रत वेळीच संगणकावर घेणे, मूळ प्रवाह उपलब्ध असल्यास तो न छाटता ठेवणे आणि प्रत्येक प्रतीसोबत तिच्या संपादनाची लेखी नोंद जोडणे, ही कामे फार खर्चाची नाहीत. ती लांबणीवर पडली तर मात्र नक्कलही उरणार नाही आणि चिकित्सेलाही काही शिल्लक राहणार नाही.