शाळेचे संगणक अंदाजपत्रक : खरेदीनंतरच्या पाच वर्षांचा हिशेब

सातारा व सांगली जिल्ह्यांतील धर्मग्रामांना भेट देण्याचा योग येतो, तेव्हा शाळांविषयी एक प्रश्न आम्हांस वारंवार विचारला जातो. शाळेला संगणक देणारा दाता मिळाला आहे, देणगी स्वीकारावी काय? विचारणारे कधी मुख्याध्यापिका सिस्टर असतात, कधी पालक-शिक्षक संघाचे सभासद. देणगी अवश्य स्वीकारावी, मात्र पुढील पाच वर्षांचा खर्च कोण व कोठून देणार हे त्याच दिवशी कागदावर लिहून काढावे, असे आम्ही सुचवितो. त्या सूचनेमागील हिशेब येथे मांडत आहोत.

संगणक कक्ष म्हटला की खरेदीचा आकडा डोळ्यांसमोर येतो. वस्तुतः तो एकूण खर्चाचा लहान भाग होय. केंद्र शासनाच्या २०१८ च्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या संगणक कक्षासाठी एकदाच ६.४० लाख रुपयांपर्यंत, आणि पुढे पाच वर्षे दरवर्षी २.४० लाख रुपयांपर्यंत आवर्ती अनुदान असे प्रमाण ठरविण्यात आले. पाच वर्षांचा आवर्ती खर्च १२ लाख होतो. म्हणजे एकूण १८.४० लाखांपैकी खरेदीचा वाटा जेमतेम एक तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश शिक्षकाचे मानधन, वीज, इंटरनेट, शाई-कागद व दुरुस्ती यांकडे जातात. शासनाच्या स्वतःच्या मापातच ही गोष्ट मान्य झालेली असताना आपल्या शाळांची अंदाजपत्रके मात्र बहुधा पहिल्या ओळीवरच थांबतात.

त्याचा परिणाम काय होतो, हे २००४ साली केंद्राने सुरू केलेल्या आय.सी.टी. योजनेत दिसून आले. महाराष्ट्रात ही योजना बांधा, वापरा व हस्तांतरित करा या पद्धतीने राबविली गेली. कंपनीने संगणक बसवावेत, निदेशक नेमावा, पाच वर्षे सर्व सांभाळावे व नंतर कक्ष शाळेच्या स्वाधीन करावा, असा करार असे. करार संपला की निदेशकाचे मानधनही संपे. पाच वर्षे जुने संगणक तेवढे शाळेकडे उरत. आमच्या पाहण्यातील एका खाजगी शाळेत तर दात्याने दिलेले संगणक दोन वर्षे कापडाखाली झाकून, कुलूपबंद खोलीत जपले गेले. कारण बॅटरी बदलण्यास पैसे नव्हते. ते खराब होऊ नयेत म्हणून मुलांना हात लावू देत नसत!

रोजचा खर्चच जड असतो हे साताऱ्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह चालविण्यास आरंभ केला. तेथील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी स्वतःचे दागिने, अखेर मंगळसूत्रही विकले. पुढे घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करण्याची पद्धत संस्थेने रूढ केली. एकरकमी देणगीवर वसतिगृह उघडता येते, परंतु पंगत रोज वाढावी लागते. संगणक कक्षाचेही असेच आहे.

ही मूठ किती मोठी असावी? वरील शासकीय प्रमाणच घेऊ आणि शाळेत ४०० विद्यार्थी आहेत असे समजू. ६.४० लाखांचे साहित्य पाच वर्षांत जुने होते असे धरल्यास दरवर्षी १,२८,००० रुपये नव्या खरेदीसाठी बाजूला ठेवावे लागतील. विद्यार्थ्यामागे ३२० रुपये. आवर्ती २.४० लाखांचे विद्यार्थ्यामागे ६०० रुपये होतात. एकूण वर्षाला ९२०, म्हणजे महिन्याला सुमारे ७७ रुपये. ऊसतोडणी मजुराच्या किंवा एम.आय.डी.सी.तील कंत्राटी कामगाराच्या घरी दोन मुले शाळेत असतील, तर हा आकडा लहान नव्हे. म्हणून कक्ष अर्धा करावा, दोन वर्गांनी आळीपाळीने वापरावा, पण घसारा निधीचे वेगळे बँक खाते सोडू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. दहा चालू संगणक वीस बंद संगणकांहून बरे.

खरेदीपूर्वी गरज कोणती हेही विचारावे. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये सायंकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास दूरदर्शन व मोबाईल बंद ठेवण्याचा प्रघात पाडला. मुलांच्या अभ्यासासाठी केलेल्या त्या योजनेचे साहित्य म्हणजे एक भोंगा. प्रत्येक शाळेने तेच करावे असे नव्हे. परंतु शेजारच्या शाळेत मोठा पडदा आला म्हणून आपल्याकडेही हवा, हे कारण पालकांच्या पैशाला पुरेसे नाही.

आपल्या दोन जिल्ह्यांचे हवामानही अंदाजपत्रकात उतरले पाहिजे. सांगलीत कृष्णेची धोक्याची पातळी आयर्विन पुलाजवळ ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले. २००५ व २०२१ मध्येही शहरात पाणी शिरले होते. नदीकाठच्या शाळेने संगणक कक्ष तळमजल्यावर ठेवू नये, विम्याच्या कागदात पूर हा शब्द आहे का ते वाचून पाहावे, आणि निकालपत्रके व नोंदींची प्रत शाळेच्या इमारतीबाहेर ठेवावी. जत-आटपाडीकडे धूळ व उन्हाळा, पाटण-महाबळेश्वरकडे चार महिने ओल. दोन्हींत यंत्रांचे आयुष्य घटते. यू.पी.एस.ची बॅटरी साधारणपणे तीन वर्षांत बदलावी लागते, हा खर्च वगळलेले अंदाजपत्रक आम्ही अपुरे समजतो.

दुसरा दुर्लक्षित खर्च आज्ञावलीचा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि विंडोज ११ अनेक जुन्या संगणकांवर अधिकृतरीत्या चालत नाही. दात्याकडून येणारे वापरलेले संगणक पुष्कळदा याच गटातले असतात. ते टाकून देण्याची आवश्यकता नाही. उबुंटूसारखी मुक्त प्रणाली त्यांवर विनामूल्य बसविता येते, व मराठी टंकलेखनही त्यात होते. केरळच्या शाळांनी २००१ पासूनच्या आय.टी. अॅट स्कूल प्रकल्पातून मुक्त आज्ञावलीचा मार्ग राज्यभर अवलंबिला आहे. शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी मात्र रक्कम ठेवावी लागेल. विनापरवाना प्रती वापरणे हा उपाय नव्हे. ती चोरी आहे आणि विषाणूंना निमंत्रणही.

चर्चच्या संस्थांना आणखी एक शिस्त लागू आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १२८४ मालमत्तेच्या व्यवस्थापकांनी जमाखर्चाचे वार्षिक अंदाजपत्रक तयार करावे अशी आग्रहाची शिफारस करते. कलम १२६७ नुसार विशिष्ट हेतूने दिलेली देणगी त्याच हेतूसाठी खर्च करावी लागते. संगणकासाठी आलेले पैसे कुंपणाच्या भिंतीत घालता येत नाहीत, भिंत कितीही पडकी असो. यास्तव देणगीपत्रावर ‘संगणक खरेदी’ असे न लिहिता ‘संगणक शिक्षण, देखभालीसह’ असे लिहून देण्याची विनंती दात्यास करावी. बहुतेक दाते आनंदाने मान्य करतात. त्यांना कोणी विचारलेले नसते इतकेच.

वेळेचे गणितही ध्यानात असावे. खाजगी विनाअनुदानित शाळांची फी २०११ च्या शुल्क विनियमन अधिनियमानुसार पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावी लागते, आणि मान्य झालेली फी दोन शैक्षणिक वर्षे बंधनकारक राहते. अंदाजपत्रक मे महिन्यात केले तर फार उशीर झालेला असतो. नोव्हेंबरपूर्वी यादी तयार असावी, तीन दरपत्रके मागवावीत, आणि स्वस्त दर व दुरुस्तीस येणारा माणूस यांत निवड करायची झाल्यास कराड, मिरज किंवा विट्याहून दोन दिवसांत येणाऱ्या माणसाला पसंती द्यावी. वॉरंटी संपताच वार्षिक देखभाल करार सुरू होईल अशी तरतूद ठेवावी.

खरेदी झाली की प्रत्येक यंत्राची जडवस्तुसंग्रह नोंदवहीत क्रमांकासह नोंद करावी. भेट म्हणून आलेल्या संगणकाचीही. निकामी यंत्राचे निर्लेखन समितीच्या ठरावाने व्हावे. १ एप्रिल २०२३ पासून ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ लागू आहेत. जुने संगणक रस्त्यावरच्या भंगारवाल्यास न देता नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावेत व पावती नोंदवहीस जोडावी. तत्पूर्वी त्यांतील हार्ड डिस्क पुसून किंवा काढून घ्यावी, कारण मुलांची नावे, जन्मतारखा व आधार क्रमांक तिच्यात असतात.