सेराडोतील काष्ठवनस्पती-समुदाय आणि निलगिरीच्या लागवडी : एक ऐतिहासिक मागोवा (इ. स. १८६३ ते २०२४)

प्रस्तावना

ब्राझीलच्या मध्यभागी सुमारे २० लाख चौ. कि. मी. क्षेत्रावर पसरलेल्या सॅव्हाना प्रदेशास 'सेराडो' असे म्हणतात. देशाच्या भूभागाचा जवळजवळ चौथा हिस्सा या प्रदेशात मोडतो. विसाव्या शतकात साओ पावलो व मिनास जेराइस या राज्यांतील सेराडोचा मोठा भाग शेती, कुरणे आणि लाकडासाठी केलेल्या निलगिरी व पाइनच्या लागवडींखाली गेला. मूळच्या झाडाझुडपांचे समुदाय या लागवडींच्या मधोमध लहान लहान बेटांच्या स्वरूपात शिल्लक राहिले. ही बेटे का उरली, कोणत्या रूपात उरली आणि त्यांच्या रक्षणासाठी झालेल्या प्रयत्नांचे काय झाले, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे. सेराडोचा ऱ्हास आणि त्याचे संरक्षण या दोन्ही गोष्टी दीर्घकाळ एकाच मोजपट्टीने, म्हणजे जंगलाच्या मोजपट्टीने, केल्या गेल्या, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

सेराडो आणि 'वनस्पतिसमुदाय' ही संकल्पना

मोकळ्या गवताळ माळापासून दाट वृक्षराजीपर्यंत सेराडोची अनेक रूपे आहेत. जाड, बुचासारखी साल, वाकडे खोड आणि खोलवर गेलेली मुळे ही येथील वृक्षांची सर्वसाधारण लक्षणे होत. ऐन आणि शिसव यांच्या कुळातील वृक्ष येथे आढळतात. गोमंतकात पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आलेल्या काजूचा एक भाऊबंदही सेराडोत आहे. त्याचे खोड बहुतांशी जमिनीखाली पसरते आणि वर केवळ खुजे झुडूप दिसते. आगीत वरचा भाग जळाला तरी जमिनीखालील काष्ठमय भागातून नवे धुमारे फुटतात. सेराडोच्या संपत्तीचा मोठा वाटा असा जमिनीखाली असल्यामुळे वरवर पाहणाऱ्यास हा प्रदेश दरिद्री वाटतो.

डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ यूजेन वॉर्मिंग यांनी १८६३ ते १८६६ या काळात मिनास जेराइसमधील लागोआ सांता या गावी राहून या वनस्पतींचा अभ्यास केला. पुराजीवशास्त्रज्ञ पीटर लुंड यांचे साहाय्यक म्हणून ते तेथे गेले होते. त्यांचा 'लागोआ सांता' हा ग्रंथ १८९२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर १८९५ मध्ये आलेल्या त्यांच्या 'प्लांटेसामफुंड' म्हणजेच 'वनस्पतिसमुदाय' या ग्रंथाने वनस्पती-परिस्थितिकी या ज्ञानशाखेचा पाया घातला. वनस्पतींचा विचार सुट्या जातींच्या यादीऐवजी एकत्र जगणाऱ्या समुदायांच्या रूपाने करावा, ही दृष्टी घडविणाऱ्या अनुभवांत सेराडोचा वाटा महत्त्वाचा होता. पुढे याच प्रदेशाची गणना 'रिकाम्या' जमिनीत झाली, ही बाब म्हणूनच विशेष लक्षणीय ठरते.

रेल्वे, सरपण आणि निलगिरी

साओ पावलो राज्यात कॉफीच्या व्यापाराबरोबर रेल्वेचा विस्तार झाला. वाफेच्या इंजिनांना सरपण आणि रुळांना लाकडी स्लीपर लागत. आसपासची झाडे तोडून ही गरज फार काळ भागणार नव्हती. यावर उपाय शोधण्याचे काम कंपान्या पाउलिस्ता या रेल्वे कंपनीने एडमुंडो नावारो दे आंद्रादे (१८८१-१९४१) या तरुण कृषितज्ज्ञाकडे सोपविले. पोर्तुगालमधील कोइंब्रा येथे शिक्षण घेऊन ते परतले होते. १९०४ च्या सुमारास जुंदियाई येथे आणि १९०९ पासून रिओ क्लारो येथे त्यांनी देशी व विदेशी वृक्षांच्या तुलनात्मक लागवडी केल्या. वाढीच्या वेगात ऑस्ट्रेलियातून आलेली निलगिरी सर्वांत पुढे राहिली.

हा प्रयोग त्याच्या उद्देशापुरता यशस्वी होता. मात्र प्रश्नच असा विचारला गेला होता, की किती वर्षांत किती लाकूड मिळेल? या प्रश्नाला सेराडोतील सावकाश वाढणाऱ्या, वाकड्या खोडाच्या झाडांजवळ उत्तर नव्हते. परिणामी ती 'निरुपयोगी' ठरली. दरम्यान, साओ पावलो विद्यापीठातील फेलिक्स रावित्शर आणि त्यांचे सहकारी यांनी १९४० च्या दशकात वेगळेच चित्र मांडले होते. सेराडोची खोल माती कोरड्या ऋतूतही ओल धरून ठेवते आणि येथील अनेक वृक्ष त्या काळातही पाण्याची विशेष काटकसर करीत नाहीत, असे त्यांना आढळले. सेराडो म्हणजे पाण्याअभावी खुरटलेले जंगल, ही समजूत त्यामुळे डळमळीत झाली. धोरणकर्त्यांच्या दृष्टीत मात्र फारसा फरक पडला नाही.

कायद्याच्या नजरेतील सेराडो

निलगिरीच्या लागवडीस खरी गती मिळाली ती करसवलतींमुळे. सप्टेंबर १९६६ च्या कायदा क्र. ५१०६ अन्वये लागवडीवर केलेला खर्च आयकरातून वजा करण्याची मुभा मिळाली. कंपन्यांना देय कराच्या निम्म्या रकमेपर्यंत हा लाभ घेता येत असे. सवलतींचे हे पर्व १९८० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालले. कागद उद्योग आणि मिनास जेराइसमधील लोखंड उद्योगास लागणारा लोणारी कोळसा यांसाठी स्वस्त व सपाट जमीन हवी होती. ती सेराडोच्या पठारांवर उपलब्ध होती. या लागवडींना 'पुनर्वनीकरण' असे नाव मिळाले. ज्या माळांवर घनदाट जंगल कधी नव्हते तेथेही हाच शब्द वापरला गेला.

मिनास जेराइसच्या उत्तर भागातील आणि जेकितिन्योन्या खोऱ्यातील पठारे कागदोपत्री सरकारी, पण व्यवहारात गावांच्या सामायिक वापराची होती. तेथे गुरे चरत, पेकीसारखी फळे, औषधी मुळ्या व सरपण गोळा केले जाई. १९७० च्या दशकात अशा जमिनी मोठ्या प्रमाणावर कंपन्यांकडे गेल्या. झाडांबरोबर उपजीविकाही गेली. पुनर्वनीकरणाच्या हिशेबात या हानीसाठी रकाना नव्हता.

१९६५ च्या वनसंहितेत खासगी जमिनीवरील वनांचा काही हिस्सा राखण्याची तरतूद होती. परंतु सेराडो क्षेत्रासही २० टक्के राखीव हिश्शाचा नियम लागू आहे, असे स्पष्ट शब्दांत १९८९ च्या कायदा क्र. ७८०३ ने सांगितले. त्याच्या एक वर्ष आधीच्या राज्यघटनेने अॅमेझॉनचे जंगल, अटलांटिक जंगल आणि पांतानाल या प्रदेशांना राष्ट्रीय वारसा म्हटले. त्या यादीत सेराडोचे नाव नव्हते. साओ पावलो राज्याने सेराडोच्या रक्षणासाठी स्वतंत्र कायदा केला तो २००९ मध्ये. एकेकाळी राज्याचा सुमारे १४ टक्के भाग व्यापणारा सेराडो तोपर्यंत जेमतेम १ टक्क्यावर आला होता.

बेटांचे अंतरंग

लागवडींनी वेढलेल्या या बेटांविषयी दोन निरीक्षणे महत्त्वाची आहेत. पहिले निरीक्षण आशादायक आहे. साओ पावलोमधील असिस येथे निलगिरीच्या लागवडीखाली सेराडोची झाडेझुडपे नैसर्गिकरीत्या पुन्हा उगवल्याचे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदविले गेले. जमिनीखालील मुळे व खोडे जिवंत राहिली असतील आणि मूळ समुदायाचा तुकडा जवळ असेल, तर काष्ठवनस्पती परत येऊ शकतात. गवते व लहान वनस्पती मात्र सावलीत टिकत नाहीत. सोडून दिलेल्या कुरणांवरील २०१८ च्या अभ्यासातही हाच फरक दिसला. वृक्ष परतले, जमिनीलगतचा थर परतला नाही. म्हणजे जे परत येते ते मूळ सेराडोचे अर्धेच रूप होय.

दुसरे निरीक्षण चिंताजनक आहे. इतिरापिना येथील संरक्षित माळाशेजारी पाइनच्या लागवडी आहेत. पाइनचे पंखधारी बी वाऱ्याने माळावर येऊन रुजते आणि मोकळ्या सॅव्हानाचे रूपांतर पाइनच्या सावलीत होऊ लागते. येथे कुंपण पुरेसे ठरत नाही. लागवडीची सीमा नकाशावर स्थिर असली तरी जमिनीवर ती सरकत राहते.

संरक्षणातील विसंगती

उरलेल्या बेटांना संरक्षण मिळाले, तेव्हा त्यांना आगीपासून दूर ठेवणे हा पहिला नियम ठरला. जंगलासाठी हे धोरण योग्य असते. सांता बार्बारा या संरक्षित क्षेत्रातील सुमारे तीन दशकांच्या बदलांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. आग रोखल्यामुळे सॅव्हाना दाट होत जाऊन जेथे तिचे जंगल झाले, तेथे वनस्पतींची विविधता २७ टक्क्यांनी आणि मुंग्यांची ३५ टक्क्यांनी घटली होती. झाडे वाढली, साठलेला कार्बन वाढला. सेराडो मात्र कमी झाला.

या अनुभवातून धोरणात हळूहळू बदल होत गेला. २०१४ पासून सेराडोतील काही केंद्रीय संरक्षित क्षेत्रांत नियोजित, नियंत्रित आगीचा वापर सुरू झाला आणि जुलै २०२४ मध्ये एकात्मिक अग्निव्यवस्थापनाचा राष्ट्रीय कायदा संमत झाला. परंतु लागवडींच्या मध्ये असलेल्या लहान तुकड्यांत हा उपाय करणे कठीण आहे. शेजारी उभे असलेले लाकूड ही कोणाची तरी गुंतवणूक असते आणि तेथे ठिणगीही परवडत नाही. त्यामुळे लागवडींचा परिणाम त्यांच्या हद्दीबाहेरही होतो. मधल्या बेटाची देखभाल कशी करावी, हेही त्या ठरवितात.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते, की सेराडोतील काष्ठवनस्पती-समुदायांवर दोन वेळा एकाच प्रकारचा अन्याय झाला. प्रथम त्यांना कमी दर्जाचे जंगल मानून त्यांच्या जागी 'चांगले' वृक्ष लावले गेले. नंतर त्यांनाच जंगल समजून त्यांच्या रक्षणाचे नियम आखले गेले. दोन्ही वेळा गवत, आग, जमिनीखालील खोडे आणि या समुदायांवर जगणारी माणसे हिशेबाबाहेर राहिली. वॉर्मिंग यांनी १८९५ मध्ये मांडलेला समुदायाचा विचार धोरणात उतरण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली. वृक्षलागवडीचे आकडे हेच पर्यावरणीय यशाचे प्रमाण मानले जाण्याच्या काळात सेराडोचा हा इतिहास अभ्यासकांनी लक्षात घेणे आवश्यक आहे. एखाद्या भूमीवर किती झाडे लावली, हे विचारण्यापूर्वी तेथे मुळात काय उभे होते, हे नोंदविणे ही इतिहासाचीही जबाबदारी आहे.