हरित प्रवासी वाहने व नगरपरिषदा (पाथर्डी, जि. अहिल्यानगर)

भाड्याने प्रवासी नेणाऱ्या रिक्षा, टॅक्सी व जीपचालकांनी डिझेल-पेट्रोलच्या गाड्या सोडून विजेवरच्या किंवा सीएनजीच्या गाड्या घ्याव्यात, यासाठी नागरी स्थानिक संस्थांनी करायचे उपाय. या उपायांची चर्चा बहुतेक वेळा महानगरांपुरती होते. पाथर्डीसारख्या तालुक्याच्या गावात तिचे रूप वेगळे आहे.

पाथर्डीला रेल्वे नाही. कल्याण–निर्मल राष्ट्रीय महामार्ग (क्र. 61) गावातून जातो आणि तालुक्याची ये-जा एसटीवर व वडापवर (खासगी प्रवासी जीप-रिक्षांवर) चालते. मोहटादेवीचे नवरात्र आणि मढीच्या कानिफनाथांची होळीपासून पाडव्यापर्यंतची यात्रा हे प्रवासी वाहतुकीचे सुगीचे दिवस. दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघाल्या की वाड्या-वस्त्यांवरची सीट कमी होते. चालकाची कमाई अशी हंगामी, पण गाडीचा हप्ता दरमहा ठरलेला. नवी, महाग गाडी घ्यायला तो कचरतो, त्याचे पहिले कारण हे आहे. चार्जिंग वाटेत संपले तर काय, बिघडली तर मिस्त्री कुठे आणि पुढे विकताना किंमत काय येईल, हे प्रश्न त्यानंतरचे.

अधिकारांची वाटणी : लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना शहराची वाहतूक संस्थाच देते, म्हणून 1 जानेवारी 2018 पासून तिला नव्या टॅक्सीसाठी शून्य-उत्सर्जनक्षमतेची अट घालता आली. भारतात मोटार वाहन अधिनियम, 1988 नुसार परवाने परिवहन प्राधिकरणाकडे आहेत. नगरपरिषद कोणाचे परमिट अडवू शकत नाही, देऊही शकत नाही. मात्र याच अधिनियमाच्या कलम 117 प्रमाणे वाहनतळ व थांबे ठरवताना स्थानिक संस्थेचा सल्ला घ्यावा लागतो. जागा, मालमत्ता कर, अंतर्गत रस्ते आणि स्वतःच्या इमारती नगरपरिषदेच्या हातात आहेत. चालकाला ठिय्या मोलाचा असतो. बाजारपेठेजवळ हक्काची जागा मिळाली की रोजच्या फेऱ्या वाढतात. त्यामुळे विजेवरच्या गाडीला मोक्याचा थांबा राखून ठेवणे, हे छोट्या गावाच्या हातातले सर्वांत मोठे प्रोत्साहन मानले पाहिजे. केंद्राने ऑक्टोबर 2018 मध्ये बॅटरीवरच्या प्रवासी वाहनांना परमिटच्या अटीतून सूट दिली. तेव्हापासून तर थांब्यांची शिस्त हा कळीचा प्रश्न झाला आहे.

माथेरानचा अनुभव : नगरपरिषदेच्या पातळीवरचे महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण रायगड जिल्ह्यातल्या या गिरिस्थानाचे आहे. 2003 मध्ये ते पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र घोषित झाले. मोटारींना तिथे बंदी, म्हणून माणसे हातरिक्षा ओढत. या श्रमिकांनी न्यायालयाचे दार ठोठावले. सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये प्रायोगिक ई-रिक्षांना परवानगी दिली आणि 5 डिसेंबर 2022 रोजी नगरपरिषदेने सात गाड्या सुरू केल्या. शाळकरी मुले व वृद्धांची सोय झाली. पण गाड्या कोणाच्या, हा वाद पेटला. ई-रिक्षा हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाव्यात, असे न्यायालयाने पुढे स्पष्ट केले. ऑगस्ट 2025 च्या निकालात सहा महिन्यांत हातरिक्षा बंद करण्याचा आदेश देताना गुजरातमधील केवडियाच्या धर्तीवर खऱ्या रिक्षाचालकांना ई-रिक्षा भाड्याने देण्यास सांगितले. पाथर्डीने इथून एकच गोष्ट उचलावी : जो आज वडाप चालवतो, त्याच्याच हाती नवी गाडी यायला हवी. ठेकेदार मध्ये आला की गाडी बदलते आणि चालक उघड्यावर पडतो.

अनुदान व कर्ज : पुणे महानगरपालिकेने रिक्षांना सीएनजी किट बसवण्यासाठी प्रत्येकी 12,000 रुपये अनुदान दिले होते. लहान नगरपरिषदेला असा खर्च पेलवणारा नाही. राज्याच्या महिलांसाठीच्या गुलाबी ई-रिक्षा योजनेत 20 टक्के शासन, 10 टक्के लाभार्थी व 70 टक्के बँक कर्ज अशी विभागणी आहे. तिच्या शहरांत अहिल्यानगर आहे आणि गाड्या बनवणाऱ्या कायनेटिक ग्रीनचा कारखानाही याच जिल्ह्यात आहे. नगरपरिषदेने बँका व पतसंस्थांना एकत्र बसवून यात्रेच्या महिन्यांत मोठा आणि ओसाड महिन्यांत लहान असा हप्ता ठरवून घेतला, तर चालकाची मुख्य अडचण दूर होईल.

चार्जिंग व गाडीची निवड : एसटीची पहिली विजेवरची ‘शिवाई’ बस 1 जून 2022 रोजी पुणे–अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) मार्गावर धावली, म्हणजे जिल्ह्याला चार्जिंगची ओळख नवी नाही. राज्याच्या 2021 च्या विद्युत वाहन धोरणात खासगी चार्जिंग बसवणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत देण्यास स्थानिक संस्थांना सुचवले होते. राज्याच्या पर्यावरणविषयक ‘माझी वसुंधरा’ अभियानातही अशा कामाची दखल घेतली जाते. गाडी मात्र पारखून घ्यावी. ई-रिक्षेची कायदेशीर मर्यादा ताशी 25 किलोमीटर व चार प्रवासी. पेठ, दवाखाना, शाळा, बसस्थानक या गावातल्या फेऱ्यांना ती पुरते. महामार्गावर किंवा मोहट्याच्या चढावर तिला जुंपणे चालकाला आणि प्रवाशाला धोक्याचे. तिथे जास्त ताकदीची ई-ऑटोच हवी. मोहटे व मढी ही गावे नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर आहेत. तिथल्या चार्जिंगसाठी ग्रामपंचायती व देवस्थानांना सोबत घ्यावे लागेल.

राखीव थांबा, नगरपरिषदेच्या जागेत चार्जिंग आणि करात सवलत या तीन गोष्टींचा ठराव पाथर्डीच्या सर्वसाधारण सभेने नवरात्रापूर्वी करावा आणि त्या चर्चेला वडापचालकांना बोलवावे.