टाचेपासून छातीपर्यंत: हवेच्या झडपेचा मागोवा

मंडला-बिलासपूरच्या जंगलपट्ट्यात आगरिया जमात पिढ्यान्‌पिढ्या लोखंड गाळत आली. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली या जमातीवर एक आख्खं पुस्तक लिहिलं. आगरियांचा भाता पायाने चालतो. लाकडाच्या पोकळ ठोकळ्यावर कातडं ताणून बांधलेलं असतं आणि कातड्याच्या मधोमध एक भोक. भात्यावर उभा असलेला माणूस त्या भोकावर टाच ठेवून भार देतो. भोक बंद होतं, कातडं खाली दबतं, आतली हवा नळीतून भट्टीत शिरते. मग तो भार दुसऱ्या पायावर घेतो. पहिल्या कातड्याला दोरी बांधलेली असते आणि दोरीचं दुसरं टोक वाकवलेल्या बांबूला. बांबू कातडं वर ओढतो, भोक मोकळं होतं, बाहेरची हवा आत येते. पुन्हा टाच, पुन्हा भार. या भात्याला झडप नाही असं वाटेल, पण आहे. माणसाची टाच हीच त्याची झडप.

इजिप्तमध्ये रेखमिरेच्या थडग्यातल्या भित्तिचित्रांत, म्हणजे सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी, अशीच माणसं दिसतात: पायाखाली फुगीर भाते, हातात ते वर उचलायच्या दोऱ्या. आपल्याकडच्या लोहाराच्या बकऱ्याच्या कातड्याच्या भात्यात हेच काम हाताकडे असतं. भात्याच्या तोंडाला दोन लाकडी पट्ट्या लावलेल्या असतात. उचलताना पट्ट्या फाकवायच्या, दाबताना मिटायच्या. तासन्‌तास हे करणाऱ्या माणसाची बोटं ते आपोआप करतात, पण करावं लागतंच. लक्ष चुकलं की हवा आली तशी परत जाते आणि भट्टी थंडावते.

हे काम माणसाच्या अंगावरून उतरवून कातड्याच्या एका तुकड्यावर टाकायचं कोणाला सुचलं, त्याचं नाव इतिहासात नाही. भात्याच्या फळीला भोक पाडायचं आणि आतल्या बाजूने त्यावर कातड्याची चकती एकाच कडेने ठोकायची, एवढंच. भाता उघडला की बाहेरची हवा चकती ढकलून आत येते. भाता दाबला की तीच हवा चकतीला भोकावर दाबून धरते आणि स्वतःचा परतीचा रस्ता स्वतःच बंद करते. पुढच्या दोन हजार वर्षांत या झडपेने रबर घेतलं, पितळ घेतलं, स्प्रिंग घेतली, प्लास्टिक घेतलं. पण तिची ही रीत बदललेली नाही. हवेवर पहारा हवेच्याच दाबाने. मला ही माणसाच्या हातून घडलेल्या सर्वांत शहाण्या वस्तूंपैकी एक वाटते.

तिची जुन्यात जुनी लेखी वर्णनं थक्क करणारी आहेत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात क्टेसिबियसने झडपा बसवलेला पाणी उपसण्याचा पंप केला आणि पाण्याच्या दाबावर वाजणारं ऑर्गनही. त्याच शतकात एरासिस्ट्रेटस नावाच्या वैद्याने हृदयातल्या झडपा पाहिल्या आणि त्या एकाच दिशेने वाट देतात हे ओळखलं. धमन्यांतून रक्ताऐवजी प्राणवायूसारखं काही वाहतं, असा त्याचा समज होता. तो समज चुकीचा ठरला, झडपेचं निरीक्षण मात्र पक्कं निघालं. पंप करणारा आणि हृदय उघडणारा एकाच काळात होऊन गेले, याला मी निव्वळ योगायोग मानायला तयार नाही. झडप हाताने बनवलेली पाहिल्यावर शरीरातली ओळखता येते. पुढे १६०३ साली पादुआच्या फॅब्रिशियसने नीलांमधल्या झडपांवर पुस्तक काढलं. त्याचाच शिष्य विल्यम हार्वे याने १६२८ साली रक्ताभिसरण मांडलं. ते सुचलं ते नीलांतल्या झडपा कोणत्या दिशेने उघडतात हे पाहून, असं हार्वेने आपल्याला सांगितल्याचं रॉबर्ट बॉइलने नोंदवून ठेवलं आहे.

भात्याच्या झडपेची माझी सर्वांत लाडकी नोंद मात्र एका कवीची आहे. चौथ्या शतकातल्या ऑसोनियसने मोझेल नदीवर लॅटिनमध्ये दीर्घ काव्य लिहिलं. त्यात काठावर काढलेला मासा श्वासासाठी तडफडतो, त्याचे कल्ले उघडतात-मिटतात, आणि कवीला आठवतो लोहाराचा भाता: लाकडी पोकळीत लोकरीची झडप आळीपाळीने वारा ओढून घेते आणि कोंडून धरते. श्वास आणि झडप यांची गाठ कवीने तेव्हाच घातली होती. वैद्यकाला ती घालायला आणखी चौदाशे वर्षं लागली.

१७७४ साली लंडनमध्ये बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक संस्था निघाली. पुढे ती रॉयल ह्यूमेन सोसायटी झाली. तिच्या लोकांच्या हाती चुलीजवळचाच भाता होता. दोन वर्षांनी शल्यविशारद जॉन हंटरने दोन कप्प्यांचा भाता सुचवला: एका कप्प्याने ताजी हवा फुप्फुसात भरायची, दुसऱ्याने वापरलेली बाहेर ओढायची. कल्पना उत्तम होती. पण आत किती दाब जातो आहे हे कळायची सोय नव्हती. १८२० च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्सच्या लरॉय देत्योलने प्राण्यांवर दाखवून दिलं, की जोराने भरलेली हवा फुप्फुस फाडते आणि जीव घेते. त्यानंतर भात्यावरचा विश्वास उडाला आणि तोंडाने वा भात्याने श्वास देण्याची पद्धत जवळजवळ शतकभर मागे पडली. वारा अडवणारी झडप होती. जादा वारा सोडून देणारी नव्हती. आज लहान मुलांना श्वास देण्यासाठी हाताने दाबायच्या पिशवीवर साधारण ४० सेंटिमीटर पाण्याच्या दाबाला आपोआप उघडणारी झडप असते, ती ही उणीव भरून काढते.

मधल्या काळात झडपेचं घराणं भलत्याच वाटेने वाढत होतं, रबराच्या. १८२३ साली ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने रबर लावलेल्या कापडाचं पेटंट घेतलं. हवा धरून ठेवणारं कापड मिळाल्यावर उशा आणि गाद्या फुगवणं आलंच. १८३२ साली लंडनचे डॉक्टर नील आर्नट यांनी अंथरुणाला खिळलेल्यांना शय्याव्रण होऊ नयेत म्हणून पाण्यावर तरंगणारा, रबरी कापडाने झाकलेला पलंग केला. त्याचं पेटंट त्यांनी घेतलं नाही. ज्याला हवा त्याने करावा, ही त्यांची वृत्ती. हे नाव आपल्या लोकांना ठाऊक असायला हवं.

आणि मग ऑगस्ट श्रेडर. जर्मनीतून न्यूयॉर्कला आलेला हा माणूस १८४० च्या दशकात गुडइयर बंधूंच्या रबरी मालाला पितळी तोट्या आणि झडपा करून देत असे. तो माल म्हणजे हवेच्या उशा आणि बुडण्यापासून वाचवणारे फुगीर पट्टे. पुढे त्याने पाणबुड्यांची शिरस्त्राणं आणि हवेचे पंप केले. १८८८ मध्ये बेलफास्टच्या जॉन बॉइड डनलप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीला हवेचं टायर बसवलं, सायकलींचं वेड पसरलं, आणि १८९३ साली श्रेडर घराण्याच्या नावे आजच्या स्कूटर-मोटारींच्या टायरमधल्या व्हॉल्व्हचं पेटंट निघालं. नळीत बारीक स्प्रिंगवर बसलेली पिन. दाबली की हवा जाते-येते, सोडली की बंद. म्हणजे टायरचा व्हॉल्व्ह करणारं घराणं मुळात उशांच्या तोट्या करणारं. इंग्लंडच्या रुग्णालयांत भिंतीतून ऑक्सिजन घ्यायच्या जोडाला आजही श्रेडरचंच नाव आहे.

आपल्या साध्या सायकलीत दुसरी जात आहे, ती याहून साधी. पितळी खिळ्याच्या पोटात भोक, आणि त्यावरून चढवलेली काडीएवढी रबरी नळी. पंपाचा दाब रबराला खालून उचलतो आणि हवा ट्यूबमध्ये शिरते; ट्यूबमधली हवा त्याच रबराला भोकावर आवळून धरते. पंक्चरवाला भेंडोळ्यातून बोटभर नळी कापतो, थुंकी लावून खिळ्यावर सरकवतो आणि काम झालं. पुण्यात सायकलींचं राज्य होतं तेव्हा ही नळी घराघरांत खिळे-टाचण्यांच्या डब्यात असे. भात्यातली कातड्याची चकती आणि ही नळी यांत तत्त्वाचा फरक नाही.

याच सायकलीने वैद्यकाला दोनदा हात दिला. १८९६ साली तुरिनमध्ये शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी दंडावर बांधायचं रक्तदाबाचं यंत्र केलं, ते शाईची दौत, तांब्याची नळी, पारा आणि सायकलची ट्यूब वापरून. १९०५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या निकोलाय कोरोटकॉव्ह यांनी धमनीवर नळी लावून आवाज ऐकायची रीत दिली आणि तपासणी पुरी झाली. या यंत्राचा रबरी फुगा पुढच्या वेळी नीट पाहा. त्याच्या शेपटाला एक झडप असते. फुगा सोडला की तिच्यातून खोलीतली हवा आत येते. पट्ट्याकडच्या तोंडाला दुसरी. फुगा दाबला की ती उघडते आणि हवा पट्ट्यात जाते. बाजूला बारीक फिरकी, सावकाश हवा सोडण्यासाठी. सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या गतीने पारा उतरावा लागतो; फिरकी घाईने सोडली तर पहिला आवाज हुकतो आणि वरचा आकडा खोटा येतो. औषधाची मात्रा त्या आकड्यावर ठरते, म्हणून ही फिरकी गंजलेली, अडकणारी असू नये.

दुसऱ्यांदा सायकल आली ती कोपनहेगनात. १९५२ मध्ये तिथे पोलिओची भयंकर साथ आली. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने श्वास बंद पडलेल्या रुग्णांच्या श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत हवा द्यायची पद्धत लावली आणि सुमारे दीड हजार विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून, महिनोन्‌महिने, त्या पिशव्या दाबल्या. त्या पिशव्या टाकीतल्या वायूवर फुगत. टाकी संपली की पिशवी निपचित. १९५६ साली तिथल्याच होल्गर हेस्से या अभियंत्याने आणि हेनिंग रूबेन या भूलतज्ज्ञाने आपोआप फुगणारी पिशवी आणली. पहिल्या नमुन्याचा सांगाडा सायकलच्या चाकाच्या गजांचा होता. रूबेनची झडप हे तिचं मर्म: दाबलं की ताजी हवा रुग्णाकडे, सोडलं की रुग्णाचा उच्छ्वास बाहेर, पिशवीत परत नाही. आज प्रत्येक रुग्णवाहिकेत जी अंबू बॅग असते, ती हीच.

निसर्गाने केलेली एक झडप मात्र घातक असते. छातीला जखम होऊन फुप्फुसाची कड फाटली, की कधी कधी मांसाचा तुकडा पडद्यासारखा लोंबतो. श्वास घेताना हवा फुप्फुसाबाहेरच्या पोकळीत जाते, सोडताना पडदा मिटतो आणि हवा अडकते. प्रत्येक श्वासागणिक दाब वाढत जातो, फुप्फुस चिरडतं, हृदय ढकललं जातं. हे मिनिटांत जीव घेऊ शकतं. त्यावर उतारा म्हणजे उलट दिशेची झडप. अमेरिकेच्या हेन्री हाइमलिक यांनी १९६० च्या दशकात ती केली, खेळण्यातल्या पिपाणीत फडफडणाऱ्या रबरी चपट्या नळीवरून. पारदर्शक डबीत ती नळी असते. छातीतली हवा तिला उघडून बाहेर पडते, आत ओढली गेली तर नळीच चिकटून बंद होते. व्हिएतनामच्या युद्धात ती जखमींच्या छातीला लावून त्यांना हलवता आलं. तिच्या डबीवर बाण असतो आणि तो पाहावाच लागतो. उलटी जोडली तर उताराच विष होतो.

आता पुन्हा उशीकडे. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ पासून, इंग्लंडच्या स्टोक मँडविलमध्ये लुडविग गुटमन यांनी कण्याला इजा झालेल्या सैनिकांना दर दोन तासांनी कुशीवर वळवण्याचा नियम घातला, कारण ही माणसं इजेपेक्षा शय्याव्रणांनी मरत होती. आपल्याकडे खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये १९७४ पासून अशा जवानांची काळजी घेतली जाते. बसलेल्या माणसाला मात्र दर दोन तासांनी वळवता येत नाही. त्याच्यासाठी १९७० च्या दशकात इलिनॉयच्या रॉबर्ट ग्रेबी यांनी रोहो गादी आणली: रबराच्या बोटांसारख्या अनेक पोकळ्या, सगळ्या आतून जोडलेल्या. हाड जिथे टेकतं तिथली हवा शेजारच्या पोकळ्यांत सरकते आणि भार पसरतो. हवा भरायला एक फिरकीची झडप. पुढच्या गाद्यांत आतल्या वाटा कप्प्याकप्प्याने बंद करणारी आणखी एक आली, म्हणजे वाकडं बसणाऱ्याचा तोल सांभाळता येतो.

घरात कोणी अशा गादीवर बसत असेल तर रोज एक गोष्ट करा. माणूस गादीवर बसलेला असताना तळहात त्याच्या बैठकीखाली सरकवा आणि सर्वांत खाली आलेलं हाड शोधा. हाड आणि गादीचा तळ यांच्यामध्ये अर्धा ते एक इंच हवा असली पाहिजे. हाड तळाला टेकत असेल तर हवा कमी आहे; गादी दगडासारखी लागत असेल तर जास्त, आणि तीही जखमच करते. मुंबईहून महाबळेश्वरला गेलात तर तिथे पोचल्यावर पुन्हा तपासा, उंचीवर गादी कडक होते. औषधाच्या दुकानात मिळणारी गोल, मधे भोक असलेली हवेची रिंग शय्याव्रणासाठी घेऊ नका. तिची कड भोवतालचा रक्तपुरवठा दाबते, आणि ती वापरू नये असंच तज्ज्ञांचं मार्गदर्शन आहे. झडप ढिली झाल्याची शंका आली तर हवा भरून गादीचं तोंड पाण्यात धरा. बुडबुडे दिसले तर त्याच दिवशी दुरुस्तीला द्या.